घशातला बिनहाडाचा टप्पा

आरशासमोर ताठ बसा. तोंड होईल तेवढे मोठे उघडा आणि जीभ शक्य तितकी बाहेर काढा. ‘आ’ मात्र म्हणायचे नाही, कारण आवाज काढताच टाळू वर उचलला जातो आणि चित्र बदलते. आता मागे काय दिसते ते पाहा. काहींना मऊ टाळू, मधोमध लोंबणारी पडजीभ आणि दोन्ही बाजूंच्या कमानींत बसलेल्या टॉन्सिलच्या गाठी असे सगळे स्वच्छ दिसते. काहींना पडजिभेचे फक्त मूळ दिसते. काहींच्या तोंडात जीभच एवढी जागा व्यापून असते की तिच्यावरचा कठीण टाळू सोडला तर मागचे काहीही नजरेस पडत नाही.

ही पाहणी भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लंपाटी यांच्या नावाने ओळखली जाते. आंध्रात जन्मलेले आणि बोस्टनमध्ये काम करणारे हे डॉक्टर. भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणे काही वेळा फार अवघड जाते. कोणाच्या बाबतीत ते अवघड जाईल याचा अंदाज आधीच यावा, म्हणून १९८५ मध्ये त्यांनी घशाच्या तीन पायऱ्या मांडल्या. पुढे त्यात चौथी पायरी जोडली गेली. झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना नंतर याच पायऱ्या उपयोगी पडल्या. पायरी जितकी वरची, म्हणजे घशाचा जितका कमी भाग दिसतो, तितकी झोपेत श्वास अडण्याची शक्यता वाढते, असे दिसून आले. केवळ आरशात पाहून निदान होत नाही, हे खरेच. पण तोंड उघडून नुसते पाहिल्याने रात्रीच्या श्वासाबद्दल काहीतरी कळते, आणि याचे कारण घशाच्या बांधणीत आहे.

नाकपुडीपासून फुप्फुसापर्यंतची वाट डोळ्यांसमोर आणा. नाकाला हाडांच्या आणि कूर्चेच्या भिंती आहेत, त्या आपोआप मिटत नाहीत. खाली श्वासनलिका आहे. तिच्यात इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या सोळा ते वीस कूर्चेच्या कड्या एकाखाली एक बसवलेल्या असतात. गळ्यावर बोट ठेवून हलकेच खाली सरकवले तर वरच्या काही कड्या हातालाही लागतात. या दोन मजबूत टप्प्यांच्या मधे कवटीच्या तळापासून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत साधारण १२ ते १४ सेंटिमीटर लांबीची एक मऊ नळी आहे. शरीरशास्त्रात तिला ग्रसनी म्हणतात, आपण सरसकट घसा म्हणतो. तिच्या मागे मानेचे मणके आहेत, पण पुढची आणि बाजूची भिंत म्हणजे स्नायू, चरबी आणि ओलसर आवरण. पुढे मऊ टाळू आणि जिभेचे मूळ, बाजूला टॉन्सिल, तळाशी एपिग्लॉटिस हे पानासारखे झाकण. आधाराला हाड म्हणावे तर एकच, नालेच्या आकाराचे हायॉइड. तेही दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांध्याने जोडलेले नाही. जबडा आणि स्वरयंत्र यांच्या मधे ते स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने नुसते टांगलेले असते.

विहिरीवर पंप बसवताना पाहिलेल्या कोणालाही यातली अडचण लगेच कळेल. पंपापासून पुढे पाणी नेण्यासाठी गुंडाळून ठेवता येणारा चपटा पाईप चालतो, कारण पाण्याच्या दाबाने तो फुगतो. पण विहिरीतून पाणी ओढणारा पाईप कडक किंवा कडी असलेलाच लागतो. तिथे चपटा पाईप लावला तर पंप सुरू होताच तो आत ओढला जाऊन मिटतो, आणि पंपाने जितका जोर लावावा तितका घट्ट मिटतो. आपली छाती हवा ओढणारा पंप आहे, आणि तिच्या ओढण्याच्या वाटेवरच निसर्गाने १२-१४ सेंटिमीटरचा मऊ तुकडा बसवला आहे. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार, बऱ्याच अंशी या एका वाक्यात सामावला आहे.

मग निसर्गाने इथेच हाडे का घातली नाहीत? कारण या नळीला श्वासाखेरीज आणखी दोन कामे आहेत. घास गिळताना तिला वरून खाली आवळत जावे लागते, कडक नळीला ते जमणार नाही. आणि बोलताना जीभ, टाळू आणि घशाची भिंत क्षणाक्षणाला आकार बदलतात, म्हणून तर एकाच आवाजातून इतके स्वर आणि व्यंजने निघतात. तान्ह्या बाळाचे स्वरयंत्र मानेत बरेच वर असते, त्याचे एपिग्लॉटिस मऊ टाळूला जवळजवळ टेकते. पहिल्या काही वर्षांत ते स्वरयंत्र खाली उतरते आणि टाळू व स्वरयंत्र यांच्या मधे मऊ पोकळी लांबते. स्वरयंत्राचे हे उतरणे आणि माणसाचे बोलणे यांचा संबंध अमेरिकेतील भाषावैज्ञानिक फिलिप लीबरमन यांनी जोडला. पुढे लाल हरणांच्या नरातही स्वरयंत्र खाली उतरलेले आढळले, त्यामुळे हे सारे केवळ बोलण्यासाठीच घडले का, यावर वाद आहे. माणसाला याची किंमत मोजावी लागते, याबद्दल मात्र वाद नाही. आपण गिळतो तो प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो आणि घसरण्याचा धोका पत्करतो, हे डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथातच नोंदवून ठेवले होते. जेवताना लागणारा ठसका ही त्या किमतीची दिवसाची बाजू. रात्रीची बाजू डार्विनच्या काळी कोणी नीट पाहिलेली नव्हती.

जागेपणी ही नळी मिटत नाही, कारण मेंदू ती सतत ताणून धरतो. वीसहून अधिक स्नायू या कामात असतात. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा जिनिओग्लॉसस. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीच्या मागे त्याचे मूळ असते आणि तो पंख्यासारखा जिभेत पसरतो. तो आकसला की जीभ पुढे येते आणि तिच्या मागची वाट मोकळी होते. मला या स्नायूचे फार कौतुक वाटते. श्वासपटल हवा ओढायला सुरुवात करते त्याच्या क्षणभर आधीच हा आकसू लागतो. ओढ सुरू होण्याआधी वाट मोकळी हवी, हा हिशेब मेंदू प्रत्येक श्वासाला करतो. शिवाय घशात हवेचा दाब कमी झाला की आतल्या आवरणातील मज्जातंतू ते टिपतात आणि स्नायू आणखी जोर लावतात.

झोप लागली की हा पहारा सैल पडतो. स्वप्नांच्या झोपेत तर अंगाचे बहुतेक स्नायू अगदी ढिले होतात. पाठीवर झोपलेल्या माणसाची जीभ आणि मऊ टाळू स्वतःच्या वजनाने मागे येतात. ज्यांचा घसा मुळात ऐसपैस आहे त्यांना एवढ्याने काही होत नाही. ज्यांचा अरुंद आहे त्यांच्या घशात हवा जोरात वाहू लागते, टाळू आणि पडजीभ फडफडतात, आणि घोरण्याचा आवाज येतो. वाट आणखी अरुंद झाली तर ती पूर्ण मिटते. छाती आणि पोट वरखाली होत राहतात, पण नाकातोंडातून हवा जात नाही. घोरणारा माणूस अचानक शांत होतो ते हे क्षण. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, शेवटी मेंदू काही सेकंद अर्धवट जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि मोठ्या फुसकाऱ्यासह श्वास परत येतो. सकाळी त्या माणसाला यातले काहीच आठवत नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेतील एका गटाने स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांच्या जिनिओग्लॉसस स्नायूतील विद्युत हालचाल ते जागे असताना मोजली. ती निरोगी माणसांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे अरुंद घशाचा माणूस दिवसभर जिभेचा स्नायू अधिक ताणून आपली उणीव भरून काढत असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. झोप येते तेव्हा एवढी भरपाई निघून जाते. रात्री अशी झोपमोड होणाऱ्या माणसाला आपण ‘आळशी’, ‘सुस्त’, ‘बसल्या जागी पेंगणारा’ म्हणतो तेव्हा त्याच्यावर अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला, तर डॉक्टर तो एक प्रसंग धरतात. तासाला असे पाच ते पंधरा प्रसंग म्हणजे सौम्य आजार, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा दाबल्यासारखे होणे, तेही रात्रभर. त्याचे परिणाम घशापुरते राहत नाहीत. प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो, या रुग्णांचा बऱ्याचदा उतरतच नाही. बंद घशाविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात. त्या ताणाने हृदय एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. रात्री तीन-चार वेळा उठावे लागणारे अनेक जण प्रोस्टेटचे किंवा मधुमेहाचे उपचार घेत राहतात आणि घशाकडे कोणाचे लक्ष जात नाही. औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात, सकाळची डोकेदुखी, दिवसभराची झापड यांच्याशी या आजाराचे नाते पक्के आहे. गाडी चालवताना अपघात होण्याची जोखीम अशा रुग्णांत दुपटीहून अधिक असते. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांच्या निवेदनातून या आजाराचे नाव आपल्याकडच्या अनेक घरांत पहिल्यांदा पोचले.

आजार मात्र आपल्यात आधीपासून होता. मुंबईचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वासाचा दोष होता आणि ७.५ टक्क्यांत त्यासोबत दिवसाची झोपाळू अवस्थाही होती. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशातले अनेक अभ्यास एकत्र केले. सुमारे ११ टक्के प्रौढ भारतीयांना हा आजार असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

‘मी काही लठ्ठ नाही’ हे वाक्य इथे फसवे ठरते. लठ्ठपणा मोठे कारण आहेच. मानेभोवतीची चरबी घशाला बाहेरून दाबते आणि जिभेतही चरबी साठते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वजन उतरवलेल्या रुग्णांचे एमआरआय काढले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घशातल्या इतर बदलांपेक्षा जिभेतली चरबी कमी होण्याचा आजार सुधारण्याशी सर्वांत जवळचा संबंध दिसला. पण चरबी हा हिशेबाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा हाडांचा. खालचा जबडा लहान किंवा मागे सरकलेला असेल, तर तीच जीभ घशात ढकलली जाते. आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनातही हा आजार दिसतो, त्यामागे चेहऱ्याच्या हाडांची ही ठेवण मोठे कारण मानली जाते. हनुवटी आत गेलेला सडपातळ माणूसही म्हणूनच रात्रभर गुदमरू शकतो. प्राण्यांत इंग्लिश बुलडॉग याचे उदाहरण आहे. चपट्या तोंडाच्या या कुत्र्याला झोपेत श्वास अडण्याचा त्रास नैसर्गिकपणे होतो, आणि १९८० च्या दशकात संशोधकांनी त्याचा अभ्यास याच आजारासाठी केला.

दोष घशाच्या मऊ टप्प्यातच आहे, याचा सर्वांत रोखठोक पुरावा एका कठोर शस्त्रक्रियेने दिला. झोपेत श्वास खरोखर बंद पडतो हे १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेच्या आणि जर्मनीच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवले. १९६९ च्या सुमारास जर्मनीत अशा रुग्णांच्या गळ्याला, स्वरयंत्राच्या खाली भोक पाडून श्वास थेट श्वासनलिकेतून घेण्याची सोय केली गेली. मऊ टप्पा वगळला गेला आणि आजार गेला. पण गळ्यात भोक घेऊन आयुष्य काढायचे! तीव्र आजाराला पुढे बरीच वर्षे दुसरा भरवशाचा उपाय नव्हता.

ती कोंडी ऑस्ट्रेलियात फुटली. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी त्याआधी टोरांटोत कुत्र्यांच्या झोपेतील श्वासावर काम केले होते. १९८० मध्ये त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाला गळ्याचे भोक नको होते. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालणारा पंखा नळीने त्याच्या नाकाला जोडला आणि किंचित दाबाखाली हवा आत सोडली. घसा उघडा राहिला. १९८१ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव छापला. याच यंत्राला आज सीपॅप म्हणतात. ते ऑक्सिजन देत नाही, श्वासही लावत नाही. ते फक्त घशातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त ठेवते, बहुतेक वेळा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे मऊ भिंतीला आतून हवेचाच आधार मिळतो. ‘मशीन लागली म्हणजे शेवटची अवस्था’ ही आपल्याकडची समजूत पूर्णपणे चुकीची आहे. मास्कची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरायलाच हवा.

इतर उपायही याच टप्प्याशी झगडतात. दंतवैद्य करून देतात ते तोंडातले साधन खालचा जबडा पुढे धरते, त्यासोबत जीभ पुढे येते. काहींना टाळूची किंवा जबड्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. त्याआधी हलकी झोप आणणारे औषध देऊन नाकातून दुर्बीण घालतात आणि घसा नेमका कुठे मिटतो ते पाहतात. जिभेच्या मज्जातंतूला प्रत्येक श्वासासोबत हलका विद्युत झटका देणाऱ्या, छातीत बसवायच्या यंत्राला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. तिथेच डिसेंबर २०२४ मध्ये वजन उतरवणारे टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठ रुग्णांच्या मध्यम आणि तीव्र आजारासाठी मान्य झाले. कुशीवर झोपणे आणि रात्री दारू न घेणे हे बिनखर्चाचे उपाय. दारूने घसा उघडा ठेवणारे स्नायू आणखी ढिले पडतात.

स्नायूंचा व्यायामही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्राझीलमध्ये २००९ साली जीभ, टाळू आणि गालांचे व्यायाम तीन महिने केल्याने मध्यम आजाराच्या रुग्णांतले प्रसंग लक्षणीय कमी झाले. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने नियमाने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झापड कमी झाली आणि श्वास अडण्याचे प्रसंगही तासाला चार-पाचने उतरले. तीस ही संख्या लहान आहे, आणि तीव्र आजार असलेल्याने मशीन बाजूला ठेवून शंख हाती घेऊ नये. पण फुंकताना घसा आणि टाळूचे स्नायू जोर लावतात, तेव्हा यात तथ्य असण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

मुलांबद्दल वेगळे सांगायला हवे. साधारण दोन ते आठ या वयात घशाच्या मानाने टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडिनॉइड सर्वांत मोठे असतात. असे मूल तोंड उघडे टाकून झोपते, घोरते, मान मागे टाकते, अंथरूण ओले करते. मोठ्यांसारखे ते पेंगत नाही, उलट चिडचिडे आणि अस्थिर होते. शाळेत त्याला खोडकर ठरवतात. रोज रात्री घोरणारे मूल गाढ झोपलेले नसते, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवे.

आणि बायका. नवऱ्याचे घोरणे घरात चेष्टेचा का होईना, विषय असतो. बाईच्या घोरण्याबद्दल कोणी बोलत नाही, तीही सांगत नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत हा आजार बराच वाढतो. त्यांच्या तक्रारी थकवा, डोकेदुखी, झोप न येणे अशा असल्यामुळे त्यांना टॉनिक किंवा झोपेची गोळी मिळते, आणि काही गोळ्या तर घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

झोपलेल्या माणसाला स्वतःचा श्वास थांबलेला कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याने तो पाहायचा आहे. घोरणे मधेच थांबते का, छाती हलत असूनही श्वास ऐकू येत नाही का, मग फुसकारा येतो का, हे मोबाइलवर दोन-चार मिनिटे टिपून डॉक्टरांना दाखवा. पुढची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, आता बऱ्याच ठिकाणी घरीच करता येते. आणि कोणतेही ऑपरेशन ठरले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपल्या घोरण्याबद्दल न लाजता आधी सांगा. भुलीच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांनी हाच घसा सैल पडतो. सीपॅप वापरत असाल तर ते मशीन हॉस्पिटलात सोबत घेऊन जा.